ओंडक्याचं वजन

मेळघाटात, धारणीच्या पुढे, सिपना नदीच्या अंगाला वसलेल्या एका गावात जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा होती. गावातली बहुतेक घरं कोरकूंची. घरात कोरकू, बाजारात हिंदी आणि शाळेत मराठी बोलत मुलं वाढत होती. विज्ञान शिकवायला एक तरुण सर होते, दर्यापूरकडचे, कापूस पिकवणाऱ्या घरातले. ते जीव लावून शिकवायचे. फळ्यावर रंगीत खडूंनी अशी आकृती काढायचे, की पुस्तकातली तिच्यापुढे फिकी वाटावी. केंद्रप्रमुख शाळाभेटीला आले की आधी त्यांच्याच वर्गात जाऊन बसत.

जुलैत त्यांनी सातवीला सजीवांच्या पोषणाचा धडा शिकवला. हवेतला कार्बन डायऑक्साइड, मुळांनी ओढलेलं पाणी, पानातलं हरितद्रव्य आणि सूर्यप्रकाश, यांतून झाड स्वतःचं अन्न तयार करतं. मुलांनी व्याख्या पाठ केली, समीकरण पाठ केलं. घटक चाचणीत वर्ग छान निघाला. खिडकीजवळ बसणाऱ्या एका मुलीला पैकीच्या पैकी मार्क मिळाले. मुलगी अबोल, पण अक्षर सुरेख आणि लक्ष सगळीकडे.

त्याच सुमाराला एका रात्रीच्या वादळात शाळेमागचा जुना साग आडवा झाला. वनखात्याची माणसं आली, त्यांनी पंचनामा केला, फांद्या छाटल्या आणि गाडी येईपर्यंत खोड तिथेच ठेवून गेली. मधल्या सुट्टीत मुलं त्यावर चढून बसायची. चार मोठ्या पोरांनी मिळून ते हलवायचा प्रयत्न केला, पण खोड जागचं हललं नाही. सर सहज म्हणाले, "सागाचं बी एवढंसं राहते. मग या ओंडक्यात एवढं वजन आलं कुठून?"

"मातीतून!" सगळे एका सुरात म्हणाले.

सरांनी त्या मुलीकडे पाहिलं. "तू सांग."

"मातीतून, सर."

"मग पेपरात काय लिहिलं होतंस?"

"कार्बन डायऑक्साइड अन् पाणी."

"मग?"

मुलगी जराशी गोंधळली. हे सरांना कसं ठाऊक नाही, असं काहीसं तिच्या चेहऱ्यावर होतं. "ते पेपरात लिहायचं असते, सर. झाड तर माती खाते."

तिच्या बोलण्यात खोडी नव्हती, उद्धटपणा नव्हता. तिच्या मनात दोन कप्पे होते. एकात शाळेतलं खरं, दुसऱ्यात रानातलं खरं. दोघांची गाठ कधी पडली नव्हती, कारण ती पडावी असा प्रसंगच कुणी आणला नव्हता. मला विचाराल तर आपल्या शिक्षणातला सगळ्यात मोठा अडथळा हाच आहे. मूल कोरी पाटी घेऊन येत नाही. वर्गात पाऊल टाकण्याआधीच त्याने जगाबद्दल बरंच काही ठरवलेलं असतं, आणि ते त्याला अनुभवातून मिळालेलं असतं. आपण नवं उत्तर त्याच्यावर नुसतं ठेवून देतो. परीक्षा झाली की ते घसरतं आणि खालचं जसंच्या तसं वर येतं.

आणि हे मेळघाटातल्या मुलांचंच होतं असं कुणी समजू नये. १९९७ साली अमेरिकेत 'माइंड्स ऑफ अवर ओन' ही माहितीपटांची मालिका आली. हार्वर्ड-स्मिथसोनियन खगोलभौतिकी केंद्राने ती तयार केली होती. त्यात हार्वर्ड आणि एमआयटी या जगविख्यात संस्थांच्या पदवीधरांपुढे बी आणि लाकडाचा ओंडका ठेवून हाच प्रश्न विचारला आहे. कुणी माती म्हणालं, कुणी पाणी, कुणी मातीतली पोषकद्रव्यं. हे वजन मुख्यतः हवेतून आलं असं सांगितलं तर काय वाटेल, असं विचारल्यावर ते पटायला जड जाईल म्हणणारेही निघाले. प्रकाशसंश्लेषण हा शब्द त्यांनी शाळेत नक्कीच ऐकला होता. सिपनाकाठची ती मुलगी आणि ते पदवीधर एकाच ठिकाणी अडले होते.

सरांनी पहिल्यांदा केलं ते कुठलाही चांगला शिक्षक करील तेच. दुसऱ्या दिवशी त्यांनी धडा पुन्हा घेतला, अधिक सोपा करून, अधिक मोठी आकृती काढून. मुलांनी मन लावून ऐकलं. "समजलं?" "हो, सर." सरांना हायसं वाटलं. चार दिवसांनी त्यांनी ओंडक्याकडे बोट दाखवून तोच प्रश्न विचारला आणि तेच उत्तर आलं. एक मुलगा तर म्हणाला, "तुम्हीच तर शिकवलं सर, मुळं मातीतून अन्न घेतात." सर असं कधीच म्हणाले नव्हते. पण मुलाने तसंच ऐकलं होतं. जे आधीपासून मनात आहे त्याला जुळेल तेवढं त्याने उचललं आणि सर आपलंच म्हणणं सांगताहेत असं धरून चालला.

ऑस्ट्रेलियात सिडनी विद्यापीठात डेरेक मुलर यांनी २००८ साली पुऱ्या केलेल्या पीएचडीच्या संशोधनात हेच आढळलं होतं. त्यांनी भौतिकशास्त्राच्या दोन तऱ्हेच्या चित्रफिती विद्यार्थ्यांना दाखवल्या. एका तऱ्हेत विषय सरळ, स्वच्छ समजावलेला. दुसरीत विद्यार्थ्यांचा नेहमीचा चुकीचा समज आधी बोलून दाखवलेला आणि मग तो का टिकत नाही यावर दोघांची चर्चा. पहिली पाहून विद्यार्थी म्हणाले, सोपी आहे, स्पष्ट आहे. पण त्यांची समज फारशी वाढली नाही, उलट आपल्याला हे येतंच असा भरवसा तेवढा वाढला. दुसरी पाहताना डोक्याला ताण पडला आणि तिच्यातूनच ते जास्त शिकले. सोपं वाटणं आणि समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शिक्षकाला कळायला फार वेळ लागतो. मुलं शांत बसली, माना डोलावल्या, की आपलं काम झालं असं वाटतं.

सरांची त्या रात्री झोप उडाली. धारणीतल्या भाड्याच्या खोलीत पडल्या पडल्या त्यांनी स्वतःलाच विचारलं, मी तरी कशावरून मानतो की झाड हवेतून वाढतं? पुस्तकात आहे म्हणून. घरी बाप शेणखत टाकतो, वरून युरिया देतो, आणि ज्या पट्टीत खत जास्त पडलं तिथली पऱ्हाटी डोळ्यांदेखत गर्द होते. ज्या वावराला खत मिळालं नाही त्याला गावात सगळे म्हणतात, जमिनीत कस उरला नाही. लहानपणापासून हेच पाहिलं, हेच ऐकलं. त्या मुलीने जे म्हटलं ते मूर्खपणाचं नव्हतंच. तिच्या जागी आपण असतो तर आपणही तेच म्हटलं असतं, फरक एवढाच की आपण ते कधी बोलून दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: झाड माती खाते. खाली रेघ मारली आणि म्हणाले, "आज याच्यावर बोलू. हे चूक की बरोबर ते मी सांगणार नाही. तुम्हाले असं काहून वाटते, ते एकेकानं सांगा."

सुरुवातीला कुणी बोलेना. सरांच्या मनातलं उत्तर कोणतं ते हुडकायची मुलांना सवय लागलेली. फळ्यावर आपलंच वाक्य पाहून ती बावरली. मग मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, "खत टाकलं की मका जोरात येते." दुसरा म्हणाला, "बरड जमिनीवर झाड खुजं राहते, नदीकाठी उंच." एकीने सांगितलं, की एकाच वावरात लागोपाठ तेच पीक घेतलं की जमीन थकते, असं तिची आजी म्हणते. सर प्रत्येकाचं म्हणणं त्या वाक्याखाली लिहीत गेले. फळा भरला. मुलांनी स्वतःचा फळा पहिल्यांदाच पाहिला.

"आता सांगा," सर म्हणाले, "झाड खरंच माती खात असेल, तर आपल्याला काय दिसायला पाहिजे?"

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग खिडकीजवळची मुलगी म्हणाली, "खड्डा."

"म्हणजे?"

"एवढा मोठा ओंडका मातीचा झाला, तर तेवढी माती कमी झाली पाहिजे. झाडाखाली खड्डा पडला पाहिजे."

वर्गात कुजबुज सुरू झाली. दोघं-तिघं उठून खिडकीतून मोहाच्या झाडाखाली पाहू लागले. खड्डा कुठेच नव्हता. सर आता आकृती काढू शकले असते, पण ते गप्प राहिले, आणि ते गप्प राहिले म्हणून पुढचं घडलं. मागच्या बाकावरचा पोरगा उठला. "पावसात आजूबाजूची माती वाहून येते. खड्डा भरून निघते, सर."

काय सुंदर उत्तर होतं! आपल्या समजुतीवर घाला आला की ती वाचवायला मूल जे कारण शोधतं, त्यात त्याची सगळी बुद्धी लागते. त्याला तिथे "चूक" म्हणून खाली बसवलं तर ती बुद्धीही खाली बसते. सर म्हणाले, "बरोबर बोलला. मग बाहेरून माती येणारच नाही असं झाड आपल्याला पाहिजे. कसं करायचं?"

पुढचा अर्धा तास वर्गात नुसता कल्ला होता. ठरलं ते असं. खिचडीच्या तेलाचा पंधरा किलोचा रिकामा पत्र्याचा डबा घ्यायचा, बुडाला बारीक भोकं पाडायची. माती उन्हात खडखडीत वाळवून मोजून भरायची. मक्याचे दोन दाणे लावायचे. डबा व्हरांड्यात ठेवायचा, म्हणजे पावसाने माती उडून येणार नाही की वाहून जाणार नाही. भोकांतून पाण्याबरोबर जी माती खाली गळेल ती परात ठेवून धरायची आणि परत डब्यात टाकायची. धूळ पडू नये म्हणून तोंडावर भोकं पाडलेला पत्रा बसवायचा, असं एका मुलीने सुचवलं. पावसाने उघडीप दिलेल्या आठवड्यात माती वाळली. किराणा दुकानदाराच्या काट्यावर ती बरोबर १२ किलो भरली, आणि आकडा भिंतीवर कोळशाने लिहिला गेला. शेजारी प्रत्येकाने आपला अंदाज लिहिला: शेवटी माती किती उरेल? कुणी १० किलो म्हणालं, कुणी ८. मुलीने १० लिहिलं. सरांनी काहीच लिहिलं नाही. मुलं मागे लागली तरी नाही.

सातपुड्याला हे काही नवं नव्हतं. डोंगराच्या पलीकडे, मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात, १९७२ साली किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी सोळा शाळांतून विज्ञान शिकवायचा असाच उपक्रम सुरू केला होता. पुढे १९८२ पासून 'एकलव्य' संस्थेने तो सांभाळला आणि शेकडो सरकारी शाळांत नेला. 'बाल वैज्ञानिक' हे त्यांचं पुस्तक प्रश्न विचारायचं, प्रयोग करायला लावायचं, आणि उत्तर मुलांनी काढायचं. 'सवालीराम' या कल्पित माणसाला मुलं मनातल्या शंका पत्राने कळवायची आणि त्यांना उत्तरं जायची. २००२ साली सरकारने तो उपक्रम बंद केला. एवढी वर्षं चाललेलं काम एका आदेशाने थांबावं याचं मला आजही वाईट वाटतं.

मका वाढत गेली. रोज पाणी घालायची पाळी लागली. दोन वेळा भांडण झालं, एकदा बकरीने शेंडा खाल्ला म्हणून आणि एकदा कुणीतरी परातीतलं गाळ मिसळलेलं पाणी फेकून दिलं म्हणून. दुसऱ्या भांडणात सरांना मध्ये पडावं लागलं नाही. फेकणाऱ्या पोराला बाकीच्यांनीच सांगितलं, "तुह्यामुळं हिशोब चुकला. आता माती कमी भरली तर झाडानं खाल्ली का तू फेकली, कसं समजेन?"

दसऱ्यानंतर ताटं उपटली, मुळं परातीत धुतली, माती पुन्हा वाळत घातली. ओल्या ताटांचं वजन पावणेदोन किलो भरलं. माती भरली ११ किलो ९४० ग्रॅम.

सगळे भिंतीवरच्या आकड्यांकडे पाहत राहिले. फक्त ६० ग्रॅम. त्यातली काही परातीतल्या पाण्याबरोबर गेली होती, काही मुळांना चिकटून राहिली होती. मागच्या बाकावरच्या पोराने काटा स्वतः पुन्हा तपासला, माती पुन्हा चढवली. आकडा तोच.

"मग हे कुठून आलं?" सरांनी ताटं उचलून विचारलं.

"पाणी!" वर्ग ओरडला. "रोज तर पाणीच घातलं."

आता सरांनी गोष्ट सांगितली. ब्रुसेल्समध्ये व्हॅन हेल्मॉन्ट नावाचा एक वैद्य होऊन गेला. त्याने मोठ्या कुंडीत २०० पौंड वाळवलेली माती भरली, ५ पौंड वजनाचं वाळुंजाचं रोप लावलं, धूळ पडू नये म्हणून वर भोकं पाडलेला पत्रा बसवला (पत्रा सुचवणाऱ्या मुलीने इथे मान ताठ केली) आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड झालं १६९ पौंडांचं. माती घटली जेमतेम दोन औंस. त्याचं हे लेखन तो गेल्यावर, १६४८ साली, छापून आलं. आणि त्याने निष्कर्ष काय काढला? झाड पाण्यापासून बनतं.

"मग आमचं बरोबर आहे," पोरं म्हणाली.

"बघू," सर म्हणाले. "ताटं वाळू द्या."

ताटं वाळली. पाणी उडून गेलं आणि तरी ४०० ग्रॅम उरले. मग ती पत्र्यावर जाळली. पत्र्यावर राहिली दोन चमचे राख. मागच्या बाकावरचा पोरगा राखेकडे बराच वेळ पाहत होता. घरी चुलीतली राख काढायचं काम त्याच्याकडे असायचं. "सर, मोळी एवढी मोठी राहते अन् राख ओंजळभर. मातीतून आलं ते हेच असेन. राखच तेवढी माती आहे."

एक समज असा जागेवर बसताना पाहणं हे शिक्षकाच्या वाट्याला क्वचित येतं. पोराची जुनी समजूतही फुकट गेली नव्हती. झाड मातीतून घेतं हे खरंच होतं, फक्त किती घेतं ते आता त्याच्या ओंजळीत मावत होतं. नत्र तेवढं जळताना धुराबरोबर जातं, बाकीची खनिजं राखेत राहतात. ती थोडीशी असली तरी झाडाला त्यांच्यावाचून चालत नाही. म्हणून तर खत टाकलं की पीक तरारतं. बापाचं शेणखतही खरं आणि पुस्तकही खरं, हे सरांनाही त्या दिवशी नीट उमजलं.

"मग बाकीचं कुठं गेलं?"

"धूर झाला." "हवेत गेलं."

"हवेत गेलं, तर आलं कुठून असेल?"

मुलगी म्हणाली, "हवेतून?" आणि लगेच स्वतःच मान हलवली. "पण सर, हवेले वजन कुठं असते? हवा म्हणजे तर काहीच नाही."

तर खरा अडसर हा होता! माती खाते ही समजूत वरची होती, तिच्याखाली दुसरी दबून बसली होती. हवा म्हणजे काहीच नाही असं ज्याला वाटतं, त्याने ओंडका हवेपासून झाला हे कितीही वेळा लिहिलं तरी मानायचं कसं? हे कोणत्याही पुस्तकाने सरांना सांगितलं नव्हतं. मुलीने सांगितलं, कारण तिला बोलू दिलं होतं.

पुढच्या आठवडी बाजाराला सर सहा मुलांना घेऊन धारणीला गेले. बरोबर शाळेचा फुटबॉल आणि पंप. चांदीच्या दुकानात सोनाराचा बारीक काटा होता. सोनार आधी हसला, मग स्वतःच उत्सुक झाला. जेमतेम गोल राहील इतपत हवा ठेवलेला फुटबॉल काट्यावर ठेवला, आकडा वहीत टिपला. मग दुकानाच्या पायरीवर बसून पोरांनी तो दगडासारखा टणक होईपर्यंत फुगवला आणि पुन्हा ठेवला. चार ग्रॅमच्या वर वाढला होता. मुलीने हवा सोडायला लावली, पुन्हा मोजलं. पुन्हा भरली, पुन्हा मोजलं. कड्या-वाळे घ्यायला आलेल्या बायका खोळंबल्या होत्या, त्याही वाकून काट्याकडे पाहत होत्या. सोनाराने कागदावर चार ग्रॅम चांदी ठेवून दाखवली. "एवढी हवा घातली तुम्ही," तो म्हणाला.

परतीच्या जीपमध्ये सरांनी हेल्मॉन्टची उरलेली गोष्ट सांगितली. त्याच माणसाने ६२ पौंड कोळसा जाळला होता आणि राख उरली होती एक पौंड. बाकीचं जे उडून गेलं त्याला त्यानेच नाव दिलं, गॅस. तोच आपला कार्बन डायऑक्साइड. वाळुंज वाढतं कशाने याचं उत्तर त्याच्या हातात होतं. पण सगळं पाण्यातून होतं हे त्याच्या मनात आधीपासून पक्कं बसलं होतं, म्हणून दोन्ही प्रयोग त्याने एकमेकांना कधी जोडले नाहीत. ते जोडायला दीडशे वर्षं लागली. इंगेनहाउसने १७७९ साली हिरवी पानं आणि ऊन यांचं काम दाखवलं आणि १८०४ साली सोस्यूरने हवा आणि पाणी दोन्हींचा हिशेब मांडला. वाळक्या लाकडाचं जवळपास निम्मं वजन कार्बनचं असतं, आणि तो सगळा हवेतला.

"एवढा हुशार माणूस, अन् त्यालेही नाही समजलं?" मुलीने विचारलं.

"त्याले कोणी विचारलं नसेल," पोरगा म्हणाला.

वर्गातली सगळी मुलं वळली असं नाही. दोघं-तिघं शेवटपर्यंत पाण्यावर अडून राहिली, आणि सरांनी त्यांना तसं लिहू दिलं, फक्त कारण लिहायला लावलं. पाणी तर लागतंच, त्यामुळे त्यांचंही अर्धं बरोबर होतं.

हिवाळ्यात त्या मुलीच्या काकाचं चार महिन्यांचं बाळ आजारी पडलं. अंग तापलेलं, दूध सुटलेलं, आणि पोट जोरजोरात वर-खाली होत होतं. आजीने विळा निखाऱ्यात घातला. पोट उडायला लागलं की पोटावर चटके द्यायचे, हे या भागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. आशाताई नको म्हणून सांगायच्या, दवाखान्यात रागवायचे, भिंतींवर पाट्या लावलेल्या. आजी सगळ्यांना हो म्हणायची. तिनेही दोन कप्पे केलेले होते.

मुलगी आजीशेजारी बसली. तिने "चटके वाईट" म्हटलं नाही. विचारलं, "आजी, चटक्यानं पोरगं बरं होतं हे तुला कसं कळलं?"

"बरी होतात म्हणून." गावातली निम्मी बाळंतपणं आजीच्या हातची. तिने पाच-सहा नावं घेतली.

"आणि चटका दिला तरी गेली, ती?"

आजी थांबली. तीही नावं तिला पाठ होती. "त्यांचं आयुष्य तेवढंच होतं."

"आणि न देता बरी झालेली?"

"तशी कुठं असतात?"

"वीटभट्टीवर. दिवाळीनंतर आपली माणसं परतवाड्याकडे जातात, तिकडे चटका द्यायला कुणी नसतं. मामीचं पोरगं तिकडंच आजारी पडलं होतं ना?"

आजी निखाऱ्याकडे पाहत बोटं मोजू लागली. हिशेब तिला कुणी सांगितलेला नव्हता. नावं तिचीच होती, बोटंही तिचीच. ती काही पटलं म्हणाली नाही. पण विळा तिने बाहेर काढून बाजूला ठेवला, आणि तेवढ्यात मुलगी आशाताईंना बोलवायला धावली. आशाताईंनी घड्याळ लावून बाळाचे श्वास मोजले. या वयाला मिनिटाला पन्नासच्या आत हवेत, ते साठाच्या पुढे होते. त्या आजीला म्हणाल्या, "पोट उडतं हे तुम्ही बरोबर पाहिलं. पण उडतं ते छातीमुळे. श्वास पुरत नाही म्हणून."

गाडी आली तेव्हा आजीने अट घातली, भुमका बरोबर येईल. तो गावाचा पुजारीही आणि वैद्यही, त्याला टाळून ती आजवर कुठे गेली नव्हती. त्या अंधारात वाद घालायला कुणी थांबलं नाही. भुमका पुढच्या सीटवर बसला.

धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयात बाळाला ऑक्सिजन लागला, इंजेक्शन सुरू झालं. तरुण डॉक्टरीणबाईंनी पोटावरून हात फिरवला आणि चटके नाहीत हे पाहून मान वर केली. आजी त्यांच्याकडेच पाहत होती.

"दिले नाहीत," ती कोरकूत म्हणाली, आणि मुलीने ते मराठीत सांगितलं. "पण का द्यायचे नाहीत ते मला कुणी नीट सांगितलं नाही. सगळे नुसते ओरडतात."

बाहेर रांग होती. डॉक्टरीणबाईंनी हातातला केसपेपर बाजूला ठेवला आणि स्टूल आजीकडे ओढलं.

"आधी तुम्ही सांगा, आजी," त्या म्हणाल्या. "चटका दिल्यावर पोटात काय होतं, असं तुम्हाला वाटतं?"

आजीने एकदा भुमकाकडे पाहिलं. मग ती सांगू लागली, आणि मुलगी एकेक वाक्य मराठीत करून देऊ लागली.